परसातली भट्टी: पहिल्या ठिणगीपासून पहिल्या खुरप्यापर्यंत

घरच्या परसात लोहारकाम शिकायचं ठरवलं आणि ऐरण शोधण्यातच माझे चार महिने गेले. जुना बाजार झाला, भंगारवाले झाले, बंद पडलेल्या साखर कारखान्याजवळचे वर्कशॉप झाले. भट्टीचा पत्ताच नव्हता. शेवटी आठवडी बाजारात घिसाडी (फिरस्त्या लोहार) मावशींच्या पालापुढे जाऊन बसले, तेव्हा समजलं की गाडी उलटी जोडली होती. मावशींची ऐरण म्हणजे लाकडाच्या ठोकळ्यात रोवलेला, पपईएवढा लोखंडाचा चौकोनी गठ्ठा. ना शिंग (ऐरणीचं पुढचं निमुळतं टोक), ना चकचकीत माथा. त्यावर दिवसाला वीस-पंचवीस खुरपी-विळे निघत होते. मालक सांडशी धरायचे, मावशी घण घालायच्या आणि मुलगी हाताने पंखा फिरवायची. त्या तिघांत सगळ्यात महत्त्वाचं काम मुलीचं होतं हे कळायला मला आणखी एक वर्ष लागलं.

म्हणून या लेखाचा क्रम आधी आग, मग ऐरण, मग हातोडा आणि सगळ्यात शेवटी पातं असा आहे. इंटरनेटवर बघून सुरुवात करणारे बहुतेकजण नेमकं उलटं करतात. पहिल्याच रविवारी सुरा करायला घेतात आणि तिसऱ्या रविवारी भट्टीवर ताडपत्री पडते.

जागा

आमच्या साताऱ्याकडच्या घरामागे, गुरं विकल्यापासून रिकामा पडलेला गोठा आहे. तीन बाजूंनी उघडा, वर कौलं, खाली मातीची जमीन. या कामाला याहून चांगली जागा नाही. तुमच्याकडे गोठा नसेल तर पत्र्याची उघडी शेड चालेल, पण बंद खोली, बंद गॅरेज किंवा फ्लॅटची बाल्कनी नको. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि डोकं जड झालं हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. खिडकी उघडी ठेवली म्हणजे झालं, असं समजू नका. वारा आरपार खेळला पाहिजे.

दुसरं, जागा थोडी अंधारी हवी. हे ऐकून लोकांना नवल वाटतं. तापलेल्या लोखंडाचा रंग हेच आपलं थर्मामीटर असतं, आणि भर उन्हात केशरी लोखंडसुद्धा काळं दिसतं. उन्हात काम करणारा माणूस हमखास लोखंड जाळतो, कारण रंग दिसेपर्यंत ते वितळायच्या बेतात आलेलं असतं.

जमीन मातीची असेल तर उत्तम. सिमेंटच्या कोब्यावर लाल लोखंड पडलं की कोब्याच्या आतल्या ओलीची वाफ होऊन कपचे उडतात. कोबा असेल तर वर पत्रा टाका किंवा दोन इंच वाळू पसरा. आणि गवताची गंजी, सरपण, पेट्रोलची बाटली असलं काही दहा फुटांच्या आत ठेवू नका.

शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. ऐरणीचा आवाज दुपारच्या झोपेत फार लांबवर जातो.

घमेल्याची भट्टी

ट्रकच्या जुन्या ब्रेक ड्रमची भट्टी करायची पद्धत बरीच रूढ आहे आणि ती चांगली चालतेही. फक्त ड्रम बिडाचा (ओतीव लोखंडाचा) असतो, त्यामुळे तापलेला असताना त्यावर पाणी पडलं तर तडकतो. मी मात्र बांधकामावरच्या लोखंडी घमेल्याची भट्टी केली आणि नवशिक्याला तीच सुचवेन. बिघडली तर माती खरवडून पुन्हा लिंपता येते.

लागणारं सामान: एक मोठं घमेलं, सव्वा इंची काळा लोखंडी पाइप सुमारे अडीच फूट, चिकणमाती, वाळू, मूठभर तूस, आठ-दहा विटा आणि हवेसाठी काहीतरी. पाइप काळाच घ्या, नळाला वापरतात तो पांढरट जीआय पाइप नको. जीआयवर जस्ताचा थर असतो. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि भट्टी सहज त्याच्या वर जाते. तो पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. हाच नियम जीआय तार, जस्त चढवलेले नट-बोल्ट आणि क्रोम चढवलेल्या प्रत्येक वस्तूला लागू. चकाकतंय ते आगीत घालायचं नाही.

घमेल्याच्या बाजूला, तळापासून साधारण चार इंचांवर पाइप जाईल एवढं भोक पाडा. कोपऱ्यावरचा फॅब्रिकेशनवाला पाच मिनिटांत पाडून देतो. दोन भाग चिकणमाती, एक भाग वाळू आणि तूस पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळून तळाला दोन इंच आणि कडांना दीड इंच थापा. मधे जी वाटी उरेल ती वरून आठ-नऊ इंच रुंद आणि पाइपच्या तोंडाखाली दोनेक इंच खोल हवी. तिथे राख साठते. पाइपचं तोंड मातीच्या आत किंचित मागे ठेवा, नाहीतर तेच आधी जळतं. कडेने विटा रचून कोळशाचा ढीग पाइपच्या वर पाच-सहा इंच राहील अशी सोय करा.

आता पाच दिवस सावलीत वाळू द्या. उन्हात ठेवून घाई केली की भेगा पडतात. पडल्याच तर त्याच मातीने बुजवा. पहिली आग अगदी लहान, अर्धा तास, फक्त ओल घालवण्यापुरती. ओली माती एकदम तापली तर तिचे टवके अंगावर येतात.

घमेलं जमिनीवर ठेवून बसून काम करणं ही आपली जुनी पद्धत, आणि गुडघे साथ देत असतील तर ती वाईट नाही. माझे देत नाहीत. म्हणून विटांचा कमरेएवढा ओटा रचून त्यावर भट्टी बसवली.

हवा

भाता हा शब्द कितीही गोड असला तरी कातड्याचा भाता करत बसू नका. चूल पेटवायला मिळतो तो हाताने फिरवायचा पंखा सुरुवातीला सगळ्यात चांगला. हात थांबला की हवा थांबते, त्यामुळे लोखंड विसरून जळायला वाव राहत नाही. विजेचा ब्लोअर लावलात तर मधे हवा कमी-जास्त करायची फट किंवा झडप हवीच. लोणारी म्हणजे लाकडाच्या कोळशाला वाटते त्यापेक्षा फार कमी हवा लागते.

मी जुन्या हेअर ड्रायरपासून सुरुवात केली होती. एकदा काम संपल्यावर तो बंद केला आणि पाइपला तसाच लावून चहाला गेले. हवा बंद झाल्यावर भट्टीची धग पाइपातून मागे आली आणि परत आले तेव्हा ड्रायरचं तोंड पघळून लोंबत होतं. तेव्हापासून आधी ब्लोअर पाइपवरून काढायचा आणि मगच बंद करायचा.

कोळसा आणि आगीचं वाचन

आपल्याकडे दोन कोळसे मिळतात. लाकडाचा म्हणजे लोणारी कोळसा, आणि दगडी. दगडी कोळसा जास्त वेळ टिकतो, पण पेटताना पिवळा, गंधकाचा धूर ओकतो आणि गाव गोळा करतो. घरच्या भट्टीला लोणारी बरा. तंदूरवाल्या हॉटेलांना जो माणूस पोती पुरवतो त्याला गाठा. बाभळीचा मिळाला तर सोनं. वजनदार, कमी फुटणारा आणि हळू जळणारा. ओलसर पोतं घेऊ नका, पाण्याचे पैसे जातात आणि वर ठिणग्यांचा पाऊस पडतो. मोठे तुकडे लिंबाएवढे फोडून घ्या आणि चुरा चाळून बाजूला ठेवा. माझ्या भट्टीला तासाला दीड-दोन किलो लागतो.

आता आगीबद्दल. वाटीत काटक्या पेटवा, वर कोळसा रचा, मंद हवा द्या. दहा मिनिटांत मधोमध गाभा तयार होईल. हा ढीग तीन थरांचा असतो. पाइपच्या तोंडाशी ताजी हवा येते, तिथे प्राणवायू उरलेला असतो. तिथे ठेवलेलं लोखंड तापतं, पण त्याचबरोबर जळून खपल्या धरतं. वरच्या थराला धग अपुरी. मधल्या पट्ट्यात प्राणवायू संपलेला आणि उष्णता सगळ्यात जास्त, तीच आपली जागा. म्हणून सळई पाइपच्या दिशेने टोक खाली करून खुपसायची नाही, गाभ्यात आडवी सरकवायची. खाली तीन इंच कोळसा हवा, वरही झाकलेला हवा. ढीग खाली बसत जातो, तेव्हा कडेचे कोळसे मधे ओढत राहा.

सळई सारखी बाहेर काढून बघायचा मोह होतो. प्रत्येक वेळी ती गार होते आणि आगीला भोक पडतं. कोळसा जरा बाजूला सारून आतच बघा.

रंग कसे ओळखायचे? अंधारात जेमतेम दिसणारा काळपट लाल ६०० अंशांच्या आसपास. गुंजेसारखा लाल ७५० ते ८००. झेंडूचा केशरी ९५० ते १,०००. हळदीचा पिवळा ११०० च्या पुढे. साधं लोखंड केशरी ते पिवळ्याच्या मधे ठोकायचं आणि काळपट लाल झालं की थांबायचं. पांढरट होऊन फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायला लागल्या तर ते तापत नाही, जळतंय. तेवढं टोक कापून टाका, ते दुरुस्त होत नाही.

मी पहिल्या दिवशी गार झालेल्या सळईवर जीव तोडून घाव घालत होते. मावशी म्हणाल्या, "ताई, गार लोखंड कुणाचं ऐकत न्हाई. भांडू नका त्याच्याशी, आगीत घाला." आजही हात दुखायला लागला की मी हातोड्याकडे नाही, आगीकडे बघते. दहातल्या नऊ वेळा दोष तिथेच असतो. एक तर घाई केलेली असते किंवा कोळसा कमी पडलेला असतो.

ऐरण, आणि रूळाबद्दल एक सावधगिरी

यूट्यूबवर सगळे रेल्वेच्या रूळाचा तुकडा घ्या म्हणतात. तुकडा चांगला असतो, प्रश्न कायद्याचा आहे. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर कब्जा) कायदा, १९६६ नुसार चोरीची असावी असा सबळ संशय असलेली रेल्वेची वस्तू आपल्याकडे सापडली, तर ती रीतसर मिळाली हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं. भंगारवाला बिल देत नसेल तर तिथून निघा.

सुदैवाने रूळाची गरजही नाही. फॅब्रिकेशनच्या किंवा गिअर बनवणाऱ्या कारखान्यात जाड गोल शाफ्टचे, चौकोनी ठोकळ्यांचे तुकडे उरतात. १०० मिलिमीटर जाडीचा चौकोनी बार एक फूट लांब घेतलात तर वजन चोवीस किलोच्या आसपास भरतं. तो उभा रोवा. आडवा ठेवला तर घावाखाली लवतो, उभा ठेवला तर सगळं वस्तुमान हातोड्याच्या खाली येतं. माथा लहान वाटेल, पण हातोड्याचं तोंड तरी कुठे मोठं असतं?

बिडाची ऐरण मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नका. बीड ठिसूळ, कडा लवकर उडतात आणि घाव गिळून टाकतं. परीक्षा सोपी आहे. बेअरिंगमधली पोलादी गोळी वीतभर उंचीवरून माथ्यावर सोडा. चांगल्या पोलादावरून ती निम्म्याहून बरीच वर उसळते, बिडावर थप्पकन बसते.

ठोकळा बाभळीच्या ओंडक्यात खाच करून पाचर मारून घट्ट बसवा. उंची किती? ऐरणीशेजारी सरळ उभं राहून हात सैल सोडा, मूठ मिटा. बोटांची पेरं जिथे येतात तिथे ऐरणीचा माथा. यापेक्षा उंच झाली तर खांदे जातात, बुटकी झाली तर कंबर. ओंडक्याला साखळी गुंडाळली की किणकिणाटही कमी होतो.

हत्यारं

हातोडा एक किलोचा, त्याहून जड नको. पुरुष वाचकांनो, हे तुमच्यासाठी आहे. दोन किलोचा घेऊन दहा घाव घालण्यापेक्षा एक किलोचा घेऊन चाळीस नेमके घाव घाला. नव्या हातोड्याच्या तोंडाच्या कडा धारदार असतात, त्या लोखंडावर चंद्रकोरी उमटवतात. ग्राइंडर आणि पॉलिश पेपरने त्या गोल करा आणि तोंड अगदी किंचित फुगीर ठेवा. दांडा अंगठा वर दाबून धरू नका. मूठ सैल आणि घाव कोपरातून हवा.

पहिल्या महिन्यात सांडशी लागत नाही. दोन-अडीच फूट लांब सळई घ्या, एक टोक तापवा, दुसरं हातात. वस्तू झाली की कापा. नंतर सांडशी गावच्या लोहाराकडून करून घ्या आणि ती तुमच्या सळईच्या जाडीला बेतून घ्या. जबडे सळईवर समांतर बसले पाहिजेत. नुसती टोकं चिमटीत धरणारी सांडशी घावाबरोबर लाल लोखंड हवेत उडवते. स्वयंपाकघरातल्या सांडशीचा विचारही मनात आणू नका.

बाकी पाण्याची बादली, तारेचा ब्रश, मोठी कानस, छिन्नी, भक्कम व्हाइस (पकड शिकंजा) आणि बिघडलेल्या स्पीकरमधलं चुंबक. चुंबक कशाला ते पुढे येईल.

अंगावर सुती कपडे. नायलॉनची ओढणी किंवा टी-शर्ट ठिणगीने पेटत नाही, वितळून कातडीला चिकटतो. मी जुना डेनिमचा शर्ट घालते, केस बांधते, बांगड्या काढते. बूट चामड्याचे, आणि पँट बुटाच्या वरून, आत खोचलेली नको. डोळ्यांना गॉगल प्रत्येक घावाला, कारण खपल्या उडतात. कानात बोळे. हातोडा धरलेल्या हातात मोजा मी घालत नाही, पकड जाते.

सगळ्यात जास्त चटके लाल लोखंडाने बसत नाहीत, काळ्याने बसतात. चारशे अंशांचं लोखंड उजेडात गार लोखंडासारखंच दिसतं. जमिनीवर पडलेला कुठलाही तुकडा उचलण्याआधी हाताची उलटी बाजू जवळ नेऊन धग बघायची, ही सवय पाहुण्यांनाही लावा. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही नाही. भाजल्याची जागा मोठी असेल तर सरळ डॉक्टरकडे.

कोणतं लोखंड

सरावासाठी माइल्ड स्टीलची १० किंवा १२ मिलिमीटरची गुळगुळीत सळई किंवा चौकोनी बार. वजनाचा अंदाज बांधकामवाल्यांच्याच सूत्राने येतो. व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरमागे किलो. १० मिलिमीटरची सळई मीटरला ६१७ ग्रॅम. बांधकामावरच्या टीएमटी (कंगोऱ्यांच्या) सळईचे तुकडे फुकट मिळतात आणि हात बसवायला चालतातही, पण त्यांच्या कंगोऱ्यांच्या रेषा कामात उमटून राहतात आणि हत्यार होण्याएवढा कार्बन त्यांत नसतो.

धारेच्या हत्यारासाठी गाडीच्या कमानीचा पाटा, कॉइल स्प्रिंग किंवा जुनी कानस. नाव-गाव नसलेला तुकडा मिळाला तर ग्राइंडरला लावून ठिणग्या बघा. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब, सरळ, फारशा न फुटणाऱ्या. कार्बन जास्त असला की त्या आखूड आणि झुडपासारख्या फुलतात. कानशीच्या ठिणग्या एकदा बघून ठेवल्या की डोळ्याला फरक कायमचा कळतो.

पहिलं काम: आकडा

घंगाळ, कंदील, शिंकं काहीही टांगायला एक आकडा. या एका वस्तूत निम्मं लोहारकाम येतं.

भट्टी पेटवण्याआधी मुलांची रंगीत क्ले घेऊन तिची सळई करा आणि तिच्यावर हातोडा चालवून बघा. तापलेलं लोखंड अगदी तसंच वागतं, फक्त क्ले वाट बघते.

सळईचं टोक केशरी-पिवळं होऊ द्या. ऐरणीच्या, आपल्यापासून पलीकडच्या कडेवर तिरपं धरा आणि हातोडाही तेवढाच तिरपा मारा. दोन घाव, पाव वळसा, दोन घाव, पाव वळसा. टोक चौकोनीच ठेवायचं. नवशिके सुरुवातीपासून गोल काढायला जातात आणि सळई मधून सालासारखी उकलते. आधी चौकोनी निमुळतं, मग कोपरे मारून अष्टकोनी, मग हलक्या हाताने गोल. क्रम मोडायचा नाही. चौकोनी बारचा दोन इंचांचा तुकडा पूर्ण टोकदार काढला तर हिशेबाने सहा इंच होतो, कारण सुळक्याचं आकारमान तेवढ्याच लांबीच्या बारच्या एक तृतीयांश असतं. प्रत्यक्षात खपल्यांमध्ये थोडं जातं. हा हिशेब आधी केला नाही तर आकड्याचं टोक हातभर लांब होतं. माझं झालं होतं, त्याचा मी साप केला.

टोकाचा अगदी शेवटचा अर्धा इंच उलट बाजूला वळवून छोटं बोंड करा, म्हणजे कपडा फाटत नाही. मग पुन्हा तापवून आकड्याचा गोल भाग वळवा. शिंग नसेल तर व्हाइसमध्ये धरलेला पाइपचा तुकडा चालतो. वळवताना घाव लोखंड आणि पाइप जिथे टेकतात तिथे घालायचा नाही, पुढच्या लटकत्या भागावर घालायचा. टेकल्या जागी घातलेला घाव वळवत नाही, चेपतो.

बारला पीळ द्यायचा असेल तर तेवढाच भाग एकसारखा केशरी तापवा, व्हाइसमध्ये एक टोक पकडा, दुसऱ्याला पाना लावून एका दमात फिरवा. पीळ एकीकडे गोळा झाला तर समजा, तापणं एकसारखं नव्हतं.

शेवटी तारेच्या ब्रशने खपल्या काढा. आकडा हात लावता येणार नाही, पण अजिबात लालही नाही, अशा गरमीला जवसाच्या तेलाचं फडकं फिरवा. धूर येईल, तेल काळं होऊन बसेल. घरात टांगलेल्या वस्तूला एवढं पुरतं.

असे वीस आकडे करा. खरंच वीस. मग कडी करा. तिच्यासाठी सळई किती कापायची याचं सूत्र म्हणजे आतला व्यास अधिक सळईची जाडी, गुणिले ३.१४. आत ६० मिलिमीटरची कडी १० मिलिमीटरच्या सळईची हवी असेल तर २२० मिलिमीटर. त्यानंतर उलथनं, मग चुलीचा चिमटा, मग स्वतःची सांडशी.

खुरपं

इथे पोलाद आलं, म्हणजे नियम बदलले. छोट्या टेम्पोच्या कमानीचा सहा-सात मिलिमीटर जाडीचा पाटा ग्राइंडरने कापून इंचभर रुंद, सात-आठ इंच लांब पट्टी घ्या. पोलाद पिवळं करायचं नाही, केशरीच्या आत ठेवा आणि काळपट लाल झाल्यावर एकही घाव घालू नका, आत बारीक भेगा पडतात आणि त्या पाण्यात घालतानाच दिसतात.

आधी मुठीत जाणारं शेपूट काढा, चार इंच. मग पात्याचा वाक. इथे एक गंमत आहे. पात्याच्या एका कडेला ठोकून पातळ केलं की ती कड लांबते आणि पातं विरुद्ध बाजूला वाकतं. खुरप्याची धार आतल्या बाकाला असते, म्हणजे धार ठोकताना बाक उघडतो. म्हणून आधी हवा त्यापेक्षा जास्त वाकवून घ्या. धारेची कड एक-दीड मिलिमीटर जाड राहू द्या. त्याहून पातळ केली तर ती पुढच्या तापवण्यात जळते किंवा वेडीवाकडी होते.

आकार मनासारखा झाला की चुंबकाचं काम. लोखंड ७७० अंशांना चुंबकाला चिकटायचं थांबतं. पातं एकसारखं तेवढं तापवा आणि बाहेर काढून हवेत काळं होईपर्यंत टांगून ठेवा. असं तीनदा. ठोकताना आतल्या कणांची झालेली ओढाताण यात निवळते. हा टप्पा सगळेच गाळतात आणि मग पातं तडकलं की पोलादाला दोष देतात.

आता पाणी पाजणं, म्हणजे तापलेलं पातं एकदम गार करून कडक करणं. शब्द पाणी असला तरी कमानीच्या पोलादाला तेल वापरा, पाण्याचा झटका त्याला सोसत नाही. लोखंडी डब्यात तीन-चार लिटर सूर्यफुलाचं किंवा शेंगदाण्याचं तेल, ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट केलेलं. गार तेल घट्ट असतं, उष्णता हळू ओढतं. गाडीचं काळं तेल नको, त्याचा धूर विषारी. डब्याला घट्ट लोखंडी झाकण हवं, कारण ज्वाळा उठू शकते आणि ती झाकणानेच विझते. पेटल्या तेलावर पाणी ओतलं तर अख्खी शेड जाईल. पातं चुंबक सोडल्यावर अजून थोडं, गुंजेच्या लालहून जरा उजळ होऊ द्या आणि सरळ खाली बुडवा. आडवं ढवळू नका, वाकतं. दहा सेकंदांनी काढा. कानस फिरवून बघा. काचेवरून घसरल्यासारखी घसरली तर जमलं, चावली तर पुन्हा.

या अवस्थेत पातं काचेइतकं ठिसूळ असतं. दगडावर पडलं तर दोन तुकडे. म्हणून लगेच उतरवायचं, म्हणजे पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा कमी करायचा. पॉलिश पेपरने एक बाजू लख्ख करा. लोखंडाचा जाड तुकडा लाल करून त्यावर पात्याची पाठ टेकवा आणि धारेकडे डोळा लावून बसा. पाठीकडून रंग सरकत येतात. आधी वाळल्या कडब्याचा पिवळा, साधारण २२० अंश. मग तपकिरी, २५० च्या आसपास. मग जांभळा, २८०. त्यापुढे मोरपिशी निळा. भाजी चिरायच्या पात्याला कडब्याचा रंग बास. खुरपं मातीतल्या खड्यांवर आपटतं, त्याला धारेवर तपकिरी जाऊन जांभळा दिसायला लागला की उचला आणि तेलात गार करा. पाठ निळी झाली तर हरकत नाही, तिथे लवचीकपणाच हवा.

मावशी हे सगळं एका तावात करतात. तापवलं, फक्त धार पाण्यात टेकवली, विटेवर घासून चकाकी काढली, पाठीत उरलेल्या धगीने रंग उतरत आला, बघितला, बुडवला. पंधरा सेकंद. मी करायला गेले तेव्हा ओळीने तीन पाती फाटली.

मूठ बाभळीची. बारीक भोक पाडा, शेपूट लाल करून त्यात थोडं-थोडं जाळत उतरवा, शेवटचा इंच गार करून ठोका. लाकूड फुटू नये म्हणून तोंडाशी लोखंडी कडं आधीच चढवलेलं असू द्या. धार कानशीने आणि मग दगडावर, फक्त एका बाजूने.

मोठे सुरे आणि तलवारी करण्याची हौस असणाऱ्यांनी १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम आधी वाचावेत. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं, घरकाम-शेतीच्या कामाचं नसलेलं हत्यार त्यांच्या कक्षेत येतं. गॅसच्या भट्टीबद्दलही विचारणा होते. ती सोयीची आहे, पण घरगुती १४.२ किलोची टाकी फक्त स्वयंपाकासाठी असते, आणि आतलं सिरॅमिक लोकरीचं अस्तर कठीण लेप न देता वापरलं तर त्याचे तंतू फुफ्फुसात जातात. लोणारी कोळशावर वर्षभर हात बसल्यावर तिकडे वळा.

माझं पहिलं धड खुरपं मी मावशींना नेऊन दाखवलं. त्यांनी नखावर धार घासली, पाठीवर बोट फिरवलं आणि विचारलं, "कांदा चिरायला केलं का?" धार फार पातळ झाली होती. दुसऱ्याला ती दीड मिलिमीटर ठेवली. ते गेली दोन वर्षं आमच्या भुईमुगात आहे.

काम संपल्यावर पेटता कोळसा चिमट्याने पत्र्याच्या डब्यात भरा आणि झाकण घट्ट लावा. हवा तुटली की तो विझतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा वापरता येतो. भट्टीवर पाणी मारू नका, माती तडकते. झोपायच्या आधी एकदा टॉर्च न घेता गोठ्यात जाऊन बघा, कुठे लाल दिसतंय का.